डोंगरावरची हजेरी

"डोंगर कसा चढायचा ते तू मला शिकवणार?" नामदेवनं चहाचा कप असा आपटला की बशीनं जागा सोडली. "अरे, बत्तीस वर्षं कसाऱ्याच्या घाटात रूळ तपासत चाललोय मी! खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत झेंडे आणि पावसात डोक्यावर पोत्याची खोळ! तुझा हा डोंगर मी चपला घालून चढीन, उतरीन आणि वर दोन भाकऱ्या खाईन!"

हे भाषण जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. समोर बसला होता मुलगा अश्वजित, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्यानं लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडली होती. कोण किती पाणी नेणार, कोण कुठं बसणार, कुठल्या मिनिटाला केळं खाणार, सगळं त्यात होतं.

"बाबा, हे आल्प्स आहेत. इथं प्रॉपर शूज लागतात. अँकल सपोर्ट लागतो. माणूस घसरला की संपलं!"

"घसरायला मी काय साबण आहे?"

सून धम्मदीपा ओट्याशी उभी राहून हसत होती. ती एका संशोधन संस्थेत काम करायची. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं भांडण ती रेडिओसारखं ऐकायची, कामही चालू आणि करमणूकही चालू. "अहो, बाबांना चपला घालून नेऊ नका हं," ती म्हणाली, "नाहीतर त्या चपला शोधायला हेलिकॉप्टर मागवावं लागेल."

तिला काय माहीत, पुढं काय काय शोधावं लागणार होतं!

आता तुम्ही म्हणाल, एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला परक्या देशात डोंगर चढायची एवढी हौस कशाला? तर ती हौस त्याची नव्हतीच. ती प्रभावतीची होती.

चार वर्षांपूर्वी अश्वजितनं इगतपुरीला एक फोटो पाठवला होता. डोंगराच्या शेंड्यावर लाकडी क्रॉस, क्रॉसखाली पत्र्याची पेटी, पेटीत वही, आणि वहीत नाव लिहिणारा अश्वजित. इथली तशी पद्धतच आहे. जो शेंड्यावर पोचतो, तो त्या वहीत आपलं नाव आणि तारीख लिहितो. प्रभावतीनं तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, डोंगरावर हजेरीची वही! अहो, आपण जायचं. दोघांनी जायचं. आणि नावं तुम्ही लिहायची, तुमच्या हातानं. मी उभी राहून बघणार."

तिनं असं म्हणायला कारण होतं. नामदेव पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत पगाराच्या कागदावर अंगठा लावायचा. प्रभावती सातवी शिकलेली. एके दिवशी तिनं पाटी आणली आणि त्याला समोर बसवलं. नामदेव म्हणाला, "माझं नाव शिकव." ती म्हणाली, "तुमच्या नावाचं काम अंगठ्यानं भागतंय. माझं नाव लिहून दाखवा!" आणि पहिलंच अक्षर आलं 'प्र'! म्हणजे गाडी स्टेशनातून न सोडता थेट घाटातच सोडायची! नामदेवचा घाम पाटीवर पडायचा आणि अक्षर पुसून जायचं. तीन आठवडे लागले. पण त्यानंतर हाताला तशीच सवय लागली. पेन हातात आलं की आधी 'प्रभावती' उतरायचं आणि मग 'नामदेव'. बँकेत, पोस्टात, रेशनच्या दुकानात, कुठंही. बँकेतल्या साहेबानं एकदा विचारलं, "खातं कुणाचं आहे?" नामदेव म्हणाला, "माझं. पण हात तिचा आहे."

दोघांचा व्हिसा एकाच दिवशी आला. प्रभावतीनं नाशिकला जाऊन मेंदी रंगाचं स्वेटर घेतलं आणि भर मे महिन्यात, पंख्याखाली बसून, आठ दिवस ते अंगात घातलं. "सराव करतेय," ती म्हणायची. घामानं भिजलेली असायची, पण स्वेटर काढायची नाही! "तिकडं जाऊन एकदम घातलं तर टोचेल."

विमानाला अकरा दिवस होते, तेव्हा ती गेली. सकाळी चहा ठेवला, चहा उतू गेला, आणि ती तिथंच ओट्याशी खाली बसली. तेवढंच.

नामदेव रडला नाही. लोक आले, त्यानं त्यांना पाणी दिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यानं विहारात खुर्च्या मांडल्या आणि संध्याकाळी मोजून परत केल्या. अश्वजितनं पत्रिका छापून आणली, तिच्यावर प्रभावतीच्या नावाआधी 'कालकथित', म्हणजे दिवंगत, असं छापलं होतं. नामदेवनं ती पत्रिका वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. तो शब्द त्यानं स्वतः कधी लिहिला नाही. प्रभावतीनं तो त्याला शिकवलाच नव्हता.

चौदा महिने झाले. आता तो जर्मनीला आला होता, एकटा, आणि त्याच्या पिशवीत ते मेंदी रंगाचं स्वेटर होतं.

शनिवारी पहाटे मंडळी निघाली. आल्गॉयच्या डोंगरांपाशी पोचली, गाडी पार्किंगमध्ये लागली. अश्वजितनं नवे कोरे बूट घातले, दार उघडलं आणि म्हणाला, "बाबा, हे बघा, अँकल सपोर्ट म्हणजे काय, तर पाय असा कितीही वाकडा पडला तरी..."

आणि पाय वाकडा पडला! पार्किंगच्या सपाट डांबरावर! अश्वजित पिकलेल्या फणसासारखा खाली आला.

"आई गं!"

"डोंगर अजून लांब आहे रे," नामदेव म्हणाला.

घोटा सुजून वांग्याएवढा झाला. शेवटी असं ठरलं की अश्वजितनं खालच्या हॉटेलात पायाला बर्फ लावून बसायचं आणि धम्मदीपानं बाबांना घेऊन जायचं. एक्सेल शीटही अश्वजितजवळच राहिली, आणि नामदेवचा फोन गाडीत चार्जरला राहिला.

निम्मा डोंगर पाळण्यातून, म्हणजे त्या तारेवरच्या डब्यातून झाला. पाळण्याच्या रांगेत त्यांच्या पुढं आपल्याकडचीच दहा-बारा माणसं होती, कुठली तरी मोठी सहल, त्यात तीन-चार आज्याही. डबे उघडून खाणं चाललं होतं. धम्मदीपानं त्यांच्याकडं बघून हात केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पाळण्यातून उतरल्यावर पायवाट. आणि पायवाटेवर एक मजाच! समोरून येणारा प्रत्येक माणूस "ग्र्युस गॉट!" म्हणायचा. अनोळखी माणसं! नामदेवला फार बरं वाटलं. आपल्याला कुणी नमस्कार केला तर उलट करायला हवा. तो प्रत्येकाला हात उंच करून म्हणायचा, "जय भीम!" एक लाल गालांची बाई थांबली, तिनं तो शब्द नीट विचारून घेतला आणि पुढं जाताना तिच्या सगळ्या मैत्रिणींना शिकवला. पाठीमागून बराच वेळ "जाय बीम! जाय बीम!" ऐकू येत होतं.

तासाभरानं ह्युट्टे आलं. ह्युट्टे म्हणजे डोंगरावरचं लाकडी घर, तिथं सूप मिळतं, बाकावर बसता येतं. मालक दाढीवाला, दाढी एवढी दाट की तिच्यात चिमणी राहिली असती. दाराजवळच्या टेबलावर एक जाड वही उघडी होती.

"बाबा, वर जाणारे सगळे इथं नाव लिहितात. तुम्ही लिहा तोवर. नाव आणि किती जण ते. मी आलेच," असं म्हणून धम्मदीपा बाथरूमच्या रांगेत गेली.

नामदेवनं चष्मा काढला, डोळ्यावर चढवला, पेन उचललं. हाताला सवय होतीच. 'प्रभावती.' खालच्या ओळीवर 'नामदेव.' किती जण? तिकीट दोघांचं निघालं होतं, व्हिसा दोघांचा आला होता. त्यानं ठसठशीत लिहिलं, '२'. मग मान तिरकी करून अक्षर पाहिलं. बरं आलं होतं. विहारातल्या दानाच्या वहीत दोघांचं नाव एकत्र लिहावं तसं वाटलं त्याला. वरच्या वहीत असंच लिहायचं, म्हणत चष्मा उतरवून तो दारात गेला आणि बाहेर बर्फाचे डोंगर दिसले. तो बघतच राहिला. चष्मा वहीवरच राहिला.

आता ती वही कशासाठी असते, ते नामदेवला कुणी सांगितलं नव्हतं. ती नुसती हजेरी नाही. कोण वर गेलं आणि कोण परत आलं, त्याचा तो हिशोब. परत आलेल्यांपुढं मालक बरोबरची खूण करतो. खूण झाली नाही, तर शोध सुरू!

ह्युट्टेपासून शेंडा पाऊण तासावर. धम्मदीपाचे गुडघे करकरत होते, पण सासरा काही थांबेना. घाटात स्लीपर मोजत चालावं तसा एका तालात चालत होता. शेवटी आला एकदाचा शेंडा! क्रॉस, क्रॉसखाली पेटी, पेटीत वही, सगळं फोटोतल्यासारखं! नामदेवनं पिशवीतून स्वेटर काढून दगडावर ठेवलं, बाह्या नीट करून, जणू कुणी बसलंय. वही मांडीवर घेतली, पेन्सिल धरली आणि खिशात हात घातला.

दुसऱ्या खिशात घातला. मग शर्टाच्या. मग डोक्यावर.

"काय झालं बाबा?"

"चष्मा!"

"अहो, वहीजवळ ठेवला असणार तुम्ही खाली. द्या इकडं, मी लिहिते ना आईंचं नाव."

"नको."

"मग तुम्हीच लिहा अंदाजानं. मी हात धरते."

"तिचं नाव अंदाजानं लिहू?" नामदेवचा आवाज असा आला की धम्मदीपानं पुढं केलेला हात मागं घेतला. त्यानं वही डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली. ओळी पाण्यातल्या गवतासारख्या हलत होत्या. त्यानं वही मिटून पेटीत ठेवली. "मी खाली जातो. चष्मा घेऊन परत येतो."

"परत? बाबा, ढग येतायत! पाळणा पावणेपाचला बंद होतो!"

"तू ये सावकाश. त्या बायकांच्या सोबतीनं ये." मागून त्या लाल गालांच्या बाईचा घोळका आला होता, तोंडभर "जाय बीम" करत. नामदेवनं स्वेटर पिशवीत कोंबलं आणि निघाला. असा निघाला की पाठीमागून मालगाडी येतेय! अर्ध्या वाटेत धुकं आलं. धुकं म्हणजे कसलं, दुधाच्या पातेल्यात उतरल्यासारखं! पण घाटातल्या माणसाला धुक्याचं काय? तो पायानं वाट वाचत खाली आला.

ह्युट्टेत शिरला, वहीवरचा चष्मा उचलला, नाकावर ठेवला आणि तसाच मागं फिरून पुन्हा दाराकडं निघाला. दाढीवाला आडवा आला. एवढ्या धुक्यात म्हातारा एकटा खाली आला आणि पुन्हा वर निघाला! त्यानं नामदेवचा दंड धरला, वहीत पाहिलं. अक्षरं त्याला वाचता येईनात, पण '२' तर कुणालाही कळतो. दोघं गेले, आला एक! म्हणजे म्हातारी वरच राहिली!

"वो इस्ट डी फ्राऊ?" त्यानं विचारलं.

फ्राऊ म्हणजे बाई, बायको. एवढं नामदेवला येत होतं. याला कसं कळलं माझ्या बायकोचं? वहीत नाव वाचलं असणार! नामदेवला आपल्या अक्षराचा अभिमान वाटला. आपल्याला वर का जायचंय ते तर सांगायलाच हवं होतं. सुनेच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याला 'ओबन' म्हणतात, हेही त्याला माहीत होतं. त्यानं आपली सगळी जर्मन एका वाक्यात खर्च केली.

"माइने फ्राऊ... ओबन!" आणि बोट वर केलं.

दाढीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. दाढीवरूनसुद्धा कळलं!

"आल्ट?" त्यानं विचारलं. म्हणजे वय.

नामदेवनं दहा बोटं सहा वेळा दाखवली आणि वर सात. मग डोक्यावर हात फिरवून पांढरे केस दाखवले, आणि खांद्याजवळ हात धरून उंची दाखवली. एवढीशीच होती ती.

दाढीवाला आत धावला. फोनवर त्याचं ओरडणं सुरू झालं. त्याची बायको बाहेर आली, तिनं नामदेवला बाकावर बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, हातात गरम चहा दिला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. ती हळू हळू काहीतरी बोलत होती. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. एकानं खांद्यावर थोपटलं. एका पोरीनं सुपाचा वाडगा पुढं सरकवला. एक धिप्पाड गडी तर डोळे पुसायला लागला!

नामदेव थक्क झाला. काय माणसं आहेत! नुसतं वहीत नाव वाचलं, तर सगळं घर भेटायला आलं! इगतपुरीला लोक आले होते तेव्हा तो पाणी देत होता, खुर्च्या मांडत होता. त्याचा हात असा कुणी धरलाच नव्हता, कारण हात मोकळा कधी नव्हताच.

"चहा ठेवला होता तिनं," तो त्या बाईला मराठीत सांगायला लागला. "आल्याचा. मी अंघोळीला गेलो होतो. मला वाटलं, दूध करपल्याचा वास येतोय, हिचं लक्ष कुठंय? मी आतून ओरडलो पण तिच्यावर! ओरडलो हो मी!"

"या, या," बाई मान हलवत म्हणाली. इकडं 'हो'ला 'या' म्हणतात, पण नामदेव आणखी कुठं येणार होता? तो तिथंच रडायला लागला. चौदा महिन्यांचं एकदम आलं. चष्मा काढावा लागला.

तेवढ्यात दार उघडलं. लाल जाकिटातली तीन माणसं आत आली आणि त्यांच्याबरोबर एक भला मोठा कुत्रा! हे बेर्गवाख्टवाले, डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे. ह्युट्टेपासून दहा मिनिटांवर त्यांची चौकी होती. त्यातल्या उंच माणसानं नामदेवसमोर गुडघे टेकले. मग "फ्राऊ" म्हणाला, आपल्या जाकिटाची कॉलर चिमटीत धरली, कुत्र्याच्या नाकाकडं बोट केलं आणि हात पसरला.

फ्राऊचं कापड मागतोय. नामदेवला नवल वाटलं नाही. आता कशाचंच वाटत नव्हतं. कुत्र्यालासुद्धा भेटवतायत, तर भेटवू दे. त्यानं पिशवीतून स्वेटर काढून दिलं. "आठच दिवस घातलं होतं," तो म्हणाला.

कुत्र्यानं स्वेटरात नाक खुपसलं, पार बाहीपर्यंत. मग ती माणसं बाहेर पडली. पाठोपाठ सुपं सोडून सगळं ह्युट्टे बाहेर पडलं, बॅटऱ्या घेऊन. धुक्यात हाका सुरू झाल्या. ही इथली श्रद्धांजलीची पद्धत असेल, असं नामदेवला वाटलं. दोन मिनिटं शांत उभं राहायच्या ऐवजी हे लोक ओरडत असतील. ज्याचा त्याचा रिवाज!

अशात धम्मदीपा आली, गुडघे धरून, धापा टाकत. दारातच कुणीतरी तिला सांगितलं, वयस्कर बाई हरवलीय, इंडियन, बहुतेक शेंड्याजवळ. धम्मदीपाला पाळण्याच्या रांगेतल्या त्या आज्या आठवल्या. अरे देवा, त्यांच्यातलीच असणार! ती धावत आत आली तर सासरा घोंगडीत बसून रडतोय!

"बाबा! अहो, रडू नका! सापडेल ती!"

"कोण?"

"ती बाई! तुम्हाला सांगितलं नाही का कुणी? आपल्याकडचीच एक आजी हरवलीय वर. त्या सहलीतली असेल. सगळे तिलाच शोधतायत!"

नामदेव ताडकन उठला. घोंगडी खाली पडली. "बाई हरवलीय? धुक्यात? आणि मी इथं सूप पितोय?" डोळे पुसले, टेबलावरची बॅटरी उचलली. "अगं, घाटात बत्तीस पावसाळे हेच केलंय मी! आपल्याला बघून म्हातारी ओ तरी देईल. या लोकांची भाषा तिला काय कळतेय!"

"बाबा, थांबा!"

कसला थांबतोय! नामदेव धुक्यात शिरला. पाय पायवाटेवर, बॅटरी डोक्याच्या वर, रुळावर धोका दाखवतात तशी डावी-उजवीकडं हलवत. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतीच हाक.

"ओ बाई! ऐकू येतंय का? आहात तिथंच बसा! हलू नका! मी येतोय!"

धुकं गप्प. पुन्हा हाक. "घाबरू नका हो! मी आलोय न्यायला! ओ बाई!"

लांबून कुत्र्याचं भुंकणं आलं. मग घंटेसारखी किणकिण जवळ जवळ येत गेली, आणि धुक्यातून तो कुत्रा बाहेर आला. सरळ नामदेवपाशी आला. त्याच्या पायाचा वास घेतला, पिशवीचा वास घेतला, आणि त्याच्यासमोर बसून मोठ्यानं भुंकला. सापडली, असं सांगायची त्याची ती पद्धत!

पाठोपाठ उंच माणूस धापा टाकत आला. त्यानं कुत्र्याला पुन्हा स्वेटर हुंगवलं, पुन्हा सोडलं. कुत्रा एक गोल फिरला आणि पुन्हा नामदेवपुढं बसला. या वेळी त्यानं आपलं ओलं डोकं नामदेवच्या मांडीला टेकवलं.

"मी नाही रे, ती बाई शोध," नामदेव त्याला म्हणाला.

सगळे ह्युट्टेत परत आले. दाढीवाल्यानं धम्मदीपाला नामदेवजवळ पाहिलं आणि तो तिच्याकडं धावला. म्हाताऱ्याची भाषा बोलणारं माणूस एकदाचं मिळालं होतं! जर्मनमध्ये त्यानं विचारलं, "त्यांना विचारा, बायकोला नेमकं कुठं सोडलं?"

"कुणाच्या बायकोला?"

"यांच्या!"

धम्मदीपानं सासऱ्याकडं पाहिलं. मग टेबलावरच्या वहीकडं. ती वहीपाशी गेली, वाकली. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. तिनं दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग तशीच, मागं न वळता, जर्मनमध्ये म्हणाली, "माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या."

एकेकानं हातातली बॅटरी विझवली. कुत्रा अंग झटकत होता.

"काय झालं?" नामदेवनं विचारलं. "सापडली का ती बाई?"

"बाबा," धम्मदीपा त्याच्याजवळ बसली. "ही वही कोण वर गेलं आणि कोण परत आलं त्याची आहे. तुम्ही दोन लिहिलंत आणि एकटेच आलात. हे सगळे आईंनाच शोधत होते."

नामदेवनं तिच्याकडं पाहिलं, मग उंच माणसाच्या हातातल्या स्वेटरकडं. "म्हणजे मघाशी मी बाहेर..."

"हो, बाबा."

मघाशी धुक्यात ज्या बाईला तो हलू नका, मी न्यायला आलोय, म्हणत होता, ती बाई कोण ते त्याला आता कळलं. तो खाली बसला. पंचवीस माणसं, तीन रक्षक आणि एक कुत्रा, सगळे त्या वहीकडं बघत उभे.

शेवटी उंच माणूस खाकरला. आल्झो, म्हणजे 'असं बघा', म्हणाला, रागवायचं काही कारण नाही. पण वही अशी उघडी ठेवता येत नाही. हे नाव खोडायला तरी हवं किंवा पुढं खूण तरी हवी. नाहीतर उद्याचा पहारेकरी पुन्हा शोधायला निघेल.

धम्मदीपानं ते सांगितलं. नामदेव म्हणाला, "खोडायचं नाही."

"मग खूण करू देत त्यांना."

"खूण म्हणजे खाली परत आली?"

"हो."

"मग ती पण नको."

दाढीवाल्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागं सरकला. नामदेव उठला. चष्मा नीट केला. खिशातून चौदा महिन्यांची घडी झालेली पत्रिका काढली, वहीशेजारी ठेवली आणि तिच्यात बघून, एक एक अक्षर टेकवत, प्रभावतीच्या नावाच्या आधी लिहायला लागला. जागा थोडीच होती. 'कालकथित.' शेवटचं अक्षर प्रभावतीच्या 'प्र'ला चिकटलं. एवढा वेळ लागला, पण कुणी हललं नाही.

"हे काय लिहिलं?" दाढीवाल्यानं विचारलं.

धम्मदीपानं सांगितलं.

दाढीवाल्यानं मान हलवली. नामदेवच्या नावापुढं खूण केली. मग प्रभावतीच्या ओळीवर, खुणेच्या जागी, त्यानं एक छोटा शब्द लिहिला.

"काय म्हणतोय?"

"ओबन," धम्मदीपा म्हणाली. "वर."

उंच माणसानं स्वेटर झटकलं, कुत्र्याचे केस काढले, नीट घडी घालून नामदेवच्या हातात दिलं आणि अवघडून म्हणाला, "जाय बीम." शेंड्यावर पुन्हा जायला वेळ उरलाच नव्हता. शेवटच्या पाळण्याला जेमतेम तास उरला होता, आणि तिथवर उतरायलाच तेवढा लागणार होता.

खाली अश्वजित एका पायावर उड्या मारत पळत आला. हॉटेलात बातमी येईपर्यंत बाया दोन झाल्या होत्या आणि त्यातली एक दरीत पडली होती! "बाबा! धम्मदीपा! कुठं होता? फोन का लागत नाही? कोण बाई हरवली होती? सापडली का?"

नामदेवनं पिशवी छातीशी धरली. "सापडली," तो म्हणाला. "आपलीच होती."

अश्वजितला काही कळलं नाही. धम्मदीपानं त्याला गाडीत बसवलं आणि गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. पाय दुखतोय हे तो विसरूनच गेला. बऱ्याच वेळानं धम्मदीपानं आरशातून मागं पाहिलं.

"बाबा, एक विचारू? वहीत आईंचं नाव होतं, तुमचं नाव होतं. तुमच्याबरोबर गुडघे मोडत शेंड्यापर्यंत कोण आलं होतं? मी! मग माझं नाव कुठं होतं? मी त्या धुक्यात हरवले असते तर मला शोधायला एक मांजरसुद्धा आलं नसतं!"

नामदेवनं विचार केला. खरंच की! जिवंत सून तो वहीत लिहायलाच विसरला होता. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग स्वेटरच्या बाहीकडं पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"तू संडासला गेली होतीस ना, पोरी."